रंगीत काच आणि दोन वर्षांचे अंतर



मराठीच्या अध्यापकाने शताब्दी व्याख्यानमालेत अब्जांश तंत्रज्ञानावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. एका देशात छापलेले ज्ञान दुसऱ्या देशातील वाचकाच्या हाती वेळेवर पडले नाही तर काय घडते, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे, आणि तो सर्वस्वी ग्रंथालयाचा आहे.

मीटरचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोमीटर. सोव्हिएत संघातील अलेक्सी एकिमोव्ह काचेच्या रंगांचा अभ्यास करीत होते. ताम्र क्लोराइड मिसळलेली काच त्यांनी ५०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविली. थंड झालेल्या काचेत त्या क्षाराचे अतिसूक्ष्म स्फटिक तयार झाले होते. काही जेमतेम दोन नॅनोमीटरचे, काही तीसपर्यंतचे. स्फटिक जितका लहान, तितका त्याने शोषलेला प्रकाश निळ्या बाजूस सरकलेला! पदार्थ तोच, पण आकार बदलताच त्याचा गुण बदलत होता. हा निष्कर्ष १९८१ साली सोव्हिएत नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

शीतयुद्धाच्या त्या काळात ते नियतकालिक पाश्चात्त्य संशोधकांना सहजी मिळत नसे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे लुई ब्रूस यांना एकिमोव्ह यांच्या कामाची वार्ताही नव्हती. १९८३ मध्ये द्रवात तरंगणाऱ्या कॅडमियम सल्फाइडच्या कणांत त्यांना तोच चमत्कार स्वतंत्रपणे आढळला. दुसऱ्यांदा लागलेल्या शोधाने पहिल्याची सत्यता पक्की झाली, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. शिवाय काचेत अडकलेल्या कणांपेक्षा द्रवातील मोकळे कण पुढील कामास अधिक सोयीचे. तरीही मुद्रिते तपासण्याची ही रीत फार महागडी म्हणावी लागेल.

पॅरिसमध्ये जन्मलेले मौंगी बावेंडी ब्रूस यांच्या हाताखाली काम करून पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेले. सारख्या आकाराचे निर्दोष स्फटिक बनविण्याची पद्धत त्यांनी १९९३ मध्ये सिद्ध केली. १९९९ मध्ये एकिमोव्हही अमेरिकेत आले. २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना विभागून मिळाले.

बाजारातील सहकार्याचा स्वभाव मात्र निराळा. २०१३ पासून हे ‘पुंजबिंदू’ दूरचित्रवाणी संचांत रंग उजळविण्यासाठी वापरले जाऊ लागले. कॅडमियम विषारी, युरोपातील निर्बंधांमुळे कॅडमियमविरहित कणांना मोल आले. त्या क्षेत्रातील मँचेस्टरची नॅनोको आणि कोरियाची सॅमसंग या कंपन्यांनी आरंभी एकत्र काम केले होते. २०२० मध्ये नॅनोकोने पेटंटभंगाचा आरोप करून टेक्सासच्या न्यायालयात दावा लावला. २०२३ मध्ये १५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. शोधनिबंधाखाली मित्रांची नावे छापून प्रयोगशाळेतील मैत्री निभते. व्यापारात मात्र करारपत्रातील प्रत्येक शब्द आधी तोलावा लागतो.

शब्दांचाच विषय निघाला म्हणून सांगतो. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २००५ साली या क्षेत्रासाठी स्वतंत्र समिती नेमली आणि तिच्या आरंभीच्या कामांत परिभाषा ठरविणे हे एक होते. ‘नॅनो’ कशाला म्हणावे, तर साधारणतः एक ते शंभर नॅनोमीटरला, यावर आधी एकमत हवे. मग मोजमाप, मग व्यापार. कोशकारांना हे ऐकून समाधान वाटावे.

विश्वस्तांना एक विनंती आहे. इमारतीच्या जीर्णोद्धाराचा खर्च मोठा आहे, हे मी जाणतो. तरी विज्ञानविषयक नियतकालिकांच्या वर्गणीची तरतूद पुढील अंदाजपत्रकात कायम राहावी आणि जुने अंक रद्दीत न जाता बांधून ठेवले जावेत.