जे घडलंच नाही त्याचा पुतळा
(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मला विषय दिलेला नाही. म्हणाले, तू कवी आहेस, काहीही बोल. हे हमालाला काहीही उचल म्हणण्यासारखं आहे. कंबर त्याची जाते. म्हणून मी एकच गोष्ट पाठीवर घेऊन आलोय. विमान पळवायला निघालेल्यांना एखाद्या प्रवाशानं आडवं घातलं, त्यांचा बेत हाणून पाडला, तर त्या प्रवाशाची आठवण लोक कशी ठेवतील?

तुम्ही म्हणाल, ह्याचं नि आपलं काय? विमानात बसलेत किती जण, हात वर करा. बरं, असू द्या. मीही नाही बसलो. मी विमान बघतो ते घाटकोपरला मावशीच्या पत्र्यावरनं उतरताना. पत्रा थरथरतो, ताटातली आमटी थरथरते. पण प्रश्न विमानाचा नाही. प्रश्न नोंदीचा आहे, आणि तो आपलाच आहे. हळूहळू येतो तिथवर.

11 सप्टेंबर 2001. मी तेव्हा आईच्या कडेवर. बोस्टनहून अमेरिकन एअरलाइन्सचं 11 नंबरचं विमान सकाळी 7:59 ला लॉस एंजलिसकडं सुटलं. आत 92 माणसं, त्यातले पाच पळवणारे. 9बी नंबरच्या सीटवर डॅनियल लेविन नावाचा माणूस बसलेला. वय 31. डोकं गणिताचं, अकामाय नावाच्या इंटरनेट कंपनीचा एक संस्थापक, पैसेवाला. त्याच्याआधी चार वर्षं इस्रायलच्या सैन्यात अधिकारी. पुढच्या ओळीत मोहम्मद अत्ता आणि अल ओमारी. नेमका पाठीमागं सतम अल सुकामी. अमेरिकेच्या चौकशी आयोगानं 2004 साली अहवाल दिला. त्यात आहे की लेविनला भोसकलं, बहुतेक सुकामीनं. पुढच्या दोघांना तो रोखायला गेला असावा आणि आपल्या मागं तिसरा बसलाय हे त्याला उमगलं नसावं. बेटी ऑँग आणि एमी स्वीनी ह्या विमानातल्या दोन कर्मचारी बायांनी जिवाची पर्वा न करता फोनवरनं खाली कळवलं, म्हणून एवढं तरी जगाला कळलं. 8:46 ला ते विमान न्यूयॉर्कच्या उत्तरेकडल्या मनोऱ्यात घुसलं.

आता समजा, लेविननं एकदा मागं वळून बघितलं असतं. समजा, त्यानं दोघांना लोळवलं, बाकीच्या प्रवाशांनी तिघांना दाबून धरलं. आणि पुढं समजा, त्या दिवशीच्या बाकी तीन विमानांतही असा एकेक निघाला. मनोरे उभे. 2,977 माणसं संध्याकाळी आपापल्या घरी. मग काय झालं असतं? पुतळा?

घंटा.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बातमी असती: विमानात हाणामारी, पाच जण ताब्यात. त्यांच्या हातात काय होतं? लहान पात्याचे चाकू. चार इंचांच्या आतलं पातं तेव्हा अमेरिकेत विमानात न्यायला मुभा होती. म्हंजे वकील उठून विचारणार, माझ्या अशिलानं नेमका गुन्हा काय केला? मनोऱ्याचं नावसुद्धा कुणी काढलं नसतं. कोण काढणार? पळवणारे तर सांगणार नाहीत. लेविनलाही ठाऊक नसतं. त्याला एवढंच दिसलेलं की समोरचे दोघे काहीतरी भलतं करतायत. आपण कुठली इमारत वाचवली, किती हजार माणसं वाचवली, हे तो मरेपर्यंत कळू शकलं नसतं.

आणि पुढं ऐका. तो इस्रायलच्या सैन्यातला. समोरचे अरब. कुणीतरी लिहिलंच असतं की एका माजी सैनिकानं अरब प्रवाशांवर हात टाकला. आणि ते लिहिणारा खोटाच ठरला असता असंही नाही, कारण तेवढाच पुरावा जगाकडं असता. मी त्या सैन्याचा भाट नाही. पॅलेस्टिनी माणसाच्या घरावर बुलडोझर चालतो तेव्हा मला आपली पाडलेली झोपडपट्टी दिसते. म्हणून सांगतो, खरं सांगतो, मी त्या वयात कविता लिहीत असतो तर त्याच्या विरोधात लिहिली असती. तुम्ही ती छापली असती. आपण टाळ्या वाजवल्या असत्या. दोस्तांनो, ही मला रात्रपाळीत छळणारी गोष्ट आहे. ज्यानं वाचवलं त्याला आपण शिव्या देतोय, आणि आपल्याकडं असलेल्या माहितीवर त्या शिव्या बरोबरही आहेत.

उलटी बाजूही तेवढीच खरी. मनोरे पडल्यावर चारच दिवसांनी, 15 सप्टेंबरला, ॲरिझोनातल्या मेसा गावात बलबीरसिंग सोढी ह्या शीख माणसाला त्याच्या पेट्रोल पंपावर गोळ्या घातल्या. फेटा आणि दाढी बघून. गोळ्या घालणाराही स्वतःला देश वाचवणारा समजत होता. संशय घेऊन उठणारा प्रत्येक जण लेविन नसतो. बहुतेक वेळा तो दुसऱ्याचा जीव घेणाराच असतो, आणि त्याच्या संशयाला रंग असतो, आपल्याकडं जात असते. वस्तीत चोरी झाली की पहिली धाड कुठल्या पालांवर पडते हे मी सांगायला नको.

तुम्हाला वाटेल, हा कवीचा खेळ आहे, समजा-समजा करत बसलाय. मग घडलेलं सांगतो. त्याच वर्षी 22 डिसेंबरला पॅरिसहून मायामीला जाणाऱ्या विमानात रिचर्ड रीड नावाचा माणूस काडी ओढून स्वतःच्या बुटातली दारू पेटवायला बघत होता. हर्मिस मूटार्डिए ह्या हवाई कर्मचारी बाईनं त्याला पकडलं. क्रिस्टिना जोन्स मदतीला धावली, तिच्या हाताला तो चावला. प्रवाशांनी पट्ट्यांनी बांधून त्याला सीटवर जखडला. विमान सुखरूप बोस्टनला उतरलं. कुणी मेलं नाही. आता सांगा, ह्या दोन बायांची नावं आज ह्या खोलीत येण्याआधी किती जणांनी ऐकली होती? रीडचं नाव तरी काहींनी ऐकलंय. आणि सगळ्यांत जास्त कोण लक्षात राहिलं? बूट. त्या बुटांपायी अमेरिकेच्या विमानतळांवर 2025 पर्यंत लोक जोडे काढून रांगेत उभे राहत होते. जोडे हातात घेऊन वरच्या आळीतनं चालायचं म्हंजे काय, हे आपल्या आज्या-पणज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. जगातल्या पैसेवाल्यांना ते विमानतळावर कळलं. असो.

थोडक्यात, संकट पुरतं टळलं तर टाळणारा पुसला जातो. आठवण राहते ती अर्धवट टळलेल्या संकटाची. त्याच दिवशीचं चौथं विमान घ्या, युनायटेड 93. 8 ला सुटायचं ते 8:42 ला सुटलं. ह्या उशिरानं इतिहास बदलला, कारण विमान पळवलं तोवर मनोऱ्यांची बातमी प्रवाशांना फोनवर कळली. त्यांनी मत घेतलं. हे मला फार आवडतं. मरणाच्या दारात माणसं हात वर करून ठरवतात, जायचं की नाही. सँड्रा ब्रॅडशॉ नावाची कर्मचारी बाई अंगावर फेकायला पाणी उकळत होती. 9:57 ला ते कॉकपिटकडं घुसले. 10:03 ला विमान पेन्सिल्व्हेनियात शँक्सव्हिलजवळ एका जुन्या कोळसा खाणीच्या मैदानात कोसळलं. वॉशिंग्टन तिथनं वीस मिनिटांवर होतं. पळवणारे सोडून 40 माणसं मेली. तिथं आता राष्ट्रीय स्मारक आहे. पांढऱ्या संगमरवराचे 40 फलक, एकेकावर एकेक नाव. 93 फूट उंच मनोऱ्यात वाऱ्यावर वाजणारी 40 वाद्यं. सिनेमा निघाला, 2006 साली.

आणि तिथंही रांग लागलीच. टॉड बीमर, मार्क बिंगहॅम, टॉम बर्नेट, जेरेमी ग्लिक. वर्षानुवर्षं हीच चार नावं पुढं. धिप्पाड गोरे पुरुष. बीमरच्या तोंडचं 'लेट्स रोल' राष्ट्राध्यक्ष बुशनं भाषणात वापरलं, हवाई दलानं विमानांवर रंगवलं आणि त्याच जोरावर ती विमानं दुसऱ्यांच्या देशांवर गेली. त्या विमानाचा सहवैमानिक लेरॉय होमर काळा होता. सीसी लायल्स काळी, आधी पोलिसात होती. वाँडा ग्रीन काळी. दगडावर त्यांची नावं चाळिसांत एक म्हणून आहेत, अक्षर कुणाचं लहान नाही. पण दगड वेगळा आणि तोंड वेगळं. बिंगहॅम समलिंगी होता, हे सांगतानाही पुष्कळांची जीभ अडखळली. 1972 साली इथल्या पोरांनी ज्यांच्याकडनं पँथर हे नाव उचललं, त्या ब्लॅक पँथरवाल्यांना ह्यात काही नवल वाटलं नसतं.

आपल्याकडं ह्याचं काय झालं असतं? समजा, आखातात मजुरी करून परतणारा, शेवटच्या ओळीत बसलेला आपला कुणी उठला. पहिल्या दिवशी तो भारतमातेचा सुपुत्र. दुसऱ्या दिवशी पत्रकार गाव शोधत जाणार, आणि गावात विचारणार, घर कुठं? गाव म्हणणार, ते त्या बाजूला. त्या बाजूला म्हणताना हात जो वळतो ना, त्या हाताच्या वळणात सगळं आलं. मग वीराला जात नसते असा अग्रलेख येणार. हे वाक्य लिहिणाऱ्याला मी एकदाच विचारीन: त्याचं लग्न जमवताना पण नसते का?

कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' शेवटी असलेली नावं कोरलीत. कंपनी सरकारनं ती 1818 ची आपली लढाई मिरवायला कोरली, आपल्या प्रेमापोटी नाही. पण कोरली, म्हणून 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब तिथं जाऊन उभे राहू शकले. नाव कोरलेलं असलं की शंभर वर्षांनी तरी कुणी हात लावतो त्याला.

आता माझ्या गोदीकडं येतो. 14 एप्रिल म्हटलं की आपल्याला एकच आठवतं. गोदीत त्या दिवसाला दुसरीही आठवण आहे. 1944 साली ह्याच तारखेला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन हे जहाज फुटलं. एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं. दुपारीच धूर दिसला होता, आणि चारनंतर अर्ध्या तासात दोन स्फोट झाले. आग विझवताना अग्निशमन दलाचे 66 जवान गेले, त्यांच्या नावानं देशभर अग्निशमन दिन पाळतात. पाळावाच. पण मी पाळी संपल्यावर कधी तिथनं जाताना विचार करतो, समजा, दुपारी धूर दिसला तेव्हाच कुणा हमालानं आरडाओरडा करून गाठी बाहेर काढायला लावल्या असत्या, आग तिथंच मेली असती. मग? त्याचा दिन नाही, सप्ताह नाही. मुकादमानं म्हटलं असतं, चार गाठी भिजवल्यास, पगारातनं कापू.

हे मी मनानं रचत नाही. दोन वर्षांपूर्वी मी जहाजाच्या पोटात खाली होतो. वरनं लोखंडाच्या कॉइली उतरत होत्या. आमच्या टोळीतल्या एका म्हाताऱ्यानं क्रेनवाल्याला हात करून थांबवलं. वायरीचा एक पीळ तुटून बाहेर आलेला त्याला दिसला होता. वायर बदलली. पाऊण तास काम बंद. साहेब आला, बोंबलला, म्हाताऱ्याचा अर्धा दिवस कापला. कामात अडथळा, असं लिहिलं. अपघाताच्या वहीत मी नंतर बघितलं. तारीख, वेळ, जखमीचं नाव, मयताचं नाव, सगळे रकाने आहेत. त्या दिवसाची ओळ कोरी. न झालेल्या अपघाताला रकानाच नाही.

म्हातारा मागल्या वर्षी कामावरनं उतरला. हार घातला, चहा-बिस्किटं झाली, दोघंतिघं बोलले. वायरीचं कुणी काढलं नाही. मीही नाही. का नाही ते अजून कळत नाही.

त्या वायरीच्या दिवशी मी नेहमीसारखाच घरी गेलो. आईनं विचारलं, आज काय झालं?

म्हटलं, काय नाय. वाढ.