गोळीची साक्ष आणि गोळीविषयीची वदंता

(रोहा येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



आपल्याच जिल्ह्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर १९९३ च्या फेब्रुवारीत स्फोटके उतरली आणि १२ मार्चला मुंबई हादरली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री संकट पुन्हा समुद्रमार्गेच आले. कामा रुग्णालयाजवळच्या रंगभवन गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर धारातीर्थी पडले.

पाठोपाठ कुजबूज सुरू झाली की, करकरे यांना लागलेली गोळी अतिरेक्यांची नव्हतीच. २००९ मध्ये निवृत्त पोलीस महानिरीक्षक एस. एम. मुश्रीफ यांचे पुस्तक आले. मे २०२४ मध्ये, ऐन निवडणुकीत, तत्कालीन विरोधी पक्षनेते विजय वडेट्टीवार यांनी त्याच पुस्तकाचा हवाला देत ती गोळी संघाशी संबंधित पोलिसाची असल्याचे विधान केले. ‘गोळी जुळत नाही’ या तीन शब्दांवर हा सारा इमला उभा आहे.

जुळणे म्हणजे काय? रायफलच्या नळीत आतून पिळदार चर असतात. त्यांचे सूक्ष्म ओरखडे गोळीवर उमटतात. प्रयोगशाळेत त्याच शस्त्रातून दुसरी गोळी झाडतात आणि दोन्ही गोळ्या सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवून पाहतात. उत्तरे तीन संभवतात : जुळली, वेगळ्या शस्त्राची आहे, किंवा सांगता येत नाही. गाडीचा पत्रा वा हाड भेदून चेंदामेंदा झालेल्या तुकड्यावर वाचण्याजोगे ओरखडे उरतातच असे नाही. तिसरे उत्तर चौकात पोहोचेपर्यंत दुसरे झालेले असते! हे पाप माझ्याही हातून घडले आहे. उमेदीच्या काळात अहवाल न वाचता, दूरध्वनीवरील एका वाक्यावर मी मथळा बेतला होता. दुरुस्ती आतल्या पानावर चार ओळींत आली.

१९२९ मध्ये शिकागोत पोलिसी गणवेशातील मारेकऱ्यांनी सात जणांना ठार केले, तेव्हा संशय पोलिसांवरच गेला. कॅल्विन गॉडार्ड यांनी पोलिसांच्या बंदुका झाडून तपासल्या आणि त्या निर्दोष ठरवल्या. पुढे खऱ्या बंदुका एका गुंडाच्या घरी सापडल्या. संशय घेणे गैर नव्हते; तो तपासण्याची तयारी होती.

रंगभवन गल्लीत तर केवळ गोळीची साक्ष नव्हती. त्याच गाडीत मागे जखमी होऊन पडलेले पोलीस अरुण जाधव वाचले आणि त्यांनी न्यायालयात साक्ष दिली. कामटे यांच्या गोळीबारात कसाबच्या हाताला जखम झाली होती. कसाब आणि अबू इस्माईल यांचा इरादा एकच असल्याने कोणाची गोळी कोणाला लागली, याने दोष हलका होत नव्हता. विशेष न्यायालयाची दोषसिद्धी उच्च न्यायालय आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालय, दोन्हींनी कायम राखली.

करकरे यांचे चिलखती जाकीट गहाळ झाले, त्याविषयी त्यांच्या पत्नीने विचारलेला प्रश्न मात्र वाजवीच होता. तो आरोप नव्हता, जाब होता.

मालेगावच्या तपासावरून आपल्यापैकी अनेकांचे करकरे यांच्याशी तीव्र मतभेद होते. २०१९ मध्ये त्यांच्या मृत्यूचा संबंध शापाशी जोडला गेला, तेव्हा काही सभागृहांत टाळ्याही पडल्या असतील. वडेट्टीवारांना पुरावा मागताना त्या टाळ्यांचाही हिशेब आपण द्यावा लागेल. निकालपत्रे मी सोबत आणली आहेत. ज्यांना पाहायची असतील त्यांनी प्रश्नोत्तरांच्या वेळी जरूर पुढे यावे.