इन्सुलिन घेणारीचं ताट आधी

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



आज बचत आणि कर्जाचा विषय थोडा बाजूला ठेवूया. मी समाजकार्य शिकलेय, डॉक्टर नाही. त्यामुळं कुणी किती युनिट घ्यायचं हे मी सांगणार नाही. पण बैठकांना फिरताना जे बघितलं ते सांगते.

आपल्या एका गटातल्या मावशी दोन महिने बैठकीला आल्या नाहीत. बचत मात्र नातीच्या हातानं वेळेवर यायची. मी घरी गेले, तर पायाला फडकं बांधून बसलेल्या. टाचेची जखम भरत नव्हती. म्हणाल्या, "इन्सुलिन बंद केलंय पोरी. त्यानंच मी मरायला लागलेले."

झालं होतं असं. संध्याकाळी सातला त्यांनी इन्सुलिन घेतलं. तेवढ्यात पाहुणे आले. मावशींनी भाकऱ्या थापल्या, सगळ्यांना वाढलं, स्वतःचं ताट तेवढं राहिलं. नऊच्या सुमाराला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, काहीबाही बोलायला लागल्या. घरच्यांना वाटलं, बाहेरचं काहीतरी झालंय. शेजारच्या आशाताईंनी ओळखलं, साखरपाणी पाजलं, तशा त्या भानावर आल्या. पण मनात बसलं ते बसलंच, की इन्सुलिन वाईट.

खरं काय ते आपल्या उसाच्या रानावरनं बघूया. आपण जेवतो त्याची साखर होऊन रक्तात येते. रक्त म्हणजे पाट, आणि साखर म्हणजे पाटाचं पाणी. पण पाणी आपोआप सरीत जात नाही. दारं मोडायला माणूस लागतो. शरीरात ते काम इन्सुलिन करतं. आपल्या पोटातलं स्वादुपिंड ते बनवतं. मधुमेहात ते कमी पडतं किंवा त्याचं काम नीट होत नाही. मग पाट तुडुंब आणि ऊस कोरडा! म्हणून सारखी तहान लागते, लघवी होते, वजन उतरतं, अंगात त्राण राहत नाही. वर्षानुवर्षं पाट असाच भरून वाहिला की डोळे, मूत्रपिंड, पायाच्या नसा खराब होतात. पायाला लागलेलं कळत नाही आणि जखम भरत नाही. मावशींच्या टाचेचं हेच झालं होतं.

बाहेरून इन्सुलिन घेतलं म्हणजे दारं मोडायला माणूस लावला. पण तो माणूस कामाला लागला आणि पाटात पाणीच सोडलं नाही तर? आहे तेवढंही संपतं. त्या रात्री तेच झालं. इन्सुलिन अंगात गेलं, भाकरी पोटात गेलीच नाही. दोष इन्सुलिनचा नव्हता, उशिरा वाढलेल्या ताटाचा होता.

काही जणी म्हणतात, "इन्सुलिन चालू झालं म्हंजे संपलंच की." तसं नाही बायांनो. १९२१ साली कॅनडातल्या टोरांटो शहरात इन्सुलिनचा शोध लागला आणि १९२२ च्या जानेवारीत १४ वर्षांच्या एका मुलाला ते पहिल्यांदा दिलं. त्याआधी असा मधुमेह झालेली पोरं फार दिवस जगत नसत. हे जगवणारं औषध आहे.

आता लक्षात ठेवायच्या गोष्टी.

घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढं अंधारी, एकाएकी चिडचिड किंवा बडबड झाली, तर शुगर उतरली असं समजा. ७० च्या खाली म्हणजे कमी. लगेच तीन चमचे साखर पाण्यातनं द्या. १५ मिनिटांत बरं वाटलं नाही तर परत द्या. बरं वाटलं की भाकरी खायला घाला. बाई बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

अंबाबाईच्या नवरात्रात उपवास धरायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ताप आला, जेवण गेलं, तरी इन्सुलिन मनानं बंद करू नका, दवाखान्यात विचारा.

सुई रोज त्याच जागी टोचली की गाठ होते आणि औषध नीट लागू पडत नाही. जागा बदलत राहा. इन्सुलिन बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. फ्रिज नसेल तर मातीच्या मडक्यात थोडं पाणी घालून त्यात झाकणाच्या डब्यात ठेवा.

आणि साखरेऐवजी गूळ चालतो, हा गैरसमज आहे. गूळही शुगर वाढवतोच.

तिशीच्या पुढच्या प्रत्येकीची शुगर उपकेंद्रात, आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. अजून केली नसेल तर आशाताईंना भेटा.

मावशींनी डॉक्टरांना विचारून इन्सुलिन परत चालू केलं. जखम आता भरत आलीय. पण सुईपेक्षा त्यांना दुसरंच अवघड गेलं. म्हणाल्या, "माणसांच्या आधी कशी गं जेवू? लाज वाटती." शेवटी त्यांच्या सुनेनं ठरवलं, आत्यांचं ताट पहिलं वाढायचं, मग बाकीच्यांचं. चार दिवस घरात कुजबुज झाली. आता कुणाला काही वाटत नाही.

तेव्हा या महिन्यात एवढंच करूया. आपल्या गटात इन्सुलिन घेणाऱ्या किती जणी आहेत ते विचारा. त्यांच्या घरी जाऊन सासूबाईंना, सुनांना, दादांना सांगा की हिचं ताट आधी वाढायचं. आणि बैठक लांबली तर तिला आधी सोडा. सही उद्या घेतली तरी चालती.