जुडिथ लायबर यांच्या खड्यांच्या पर्स



टोमॅटो, वांगं, कलिंगडाची फोड, ॲस्परॅगसची जुडी. शिवाय डुक्कर, पेंग्विन आणि मांजर. या सगळ्या पर्स आहेत! हातात सहज मावणाऱ्या, वरून खाली खड्यांनी लखलखणाऱ्या. न्यू यॉर्कच्या जुडिथ लायबर यांनी त्या घडवल्या आणि लग्नसमारंभांपासून संग्रहालयांपर्यंत पोचवल्या.

त्यांचा जन्म १९२१ साली बुडापेस्टमधल्या ज्यू कुटुंबात झाला. मुलीनं लंडनला रसायनशास्त्र शिकावं, असं घरच्यांच्या मनात होतं. पण युद्ध आडवं आलं. मग जुडिथ पर्सच्या कारखान्यात उमेदवारीला लागल्या. आधी झाडलोट, सरस शिजवणं. पुढे नमुना कापणं, चामडं पातळ करणं, शिवणं, फ्रेम बसवणं. हंगेरीतल्या पर्स कारागिरांच्या संघात उस्ताद ठरलेल्या त्या पहिल्या स्त्री. ज्यूंची धरपकड सुरू झाल्यावर स्विस संरक्षणपत्रामुळे त्या वाचल्या. लपूनछपून काढलेल्या त्या दिवसांतही त्या मनातल्या मनात पर्सचे नमुने आखत असत.

युद्धानंतर अमेरिकन लष्करातले रेडिओ ऑपरेटर गर्सन लायबर त्यांना भेटले. १९४६ मध्ये लग्न झालं आणि पुढच्या वर्षी दोघं न्यू यॉर्कला आली. तिथल्या कारखान्यांत कामाची वाटणी झालेली असे, एकेका कामगाराकडे एकेक टप्पा. जुडिथबाईंना मात्र अख्खी पर्स एकटीनं बनवता येत होती. १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या शपथविधीनंतरच्या समारंभात त्यांच्या पत्नी मेमी यांच्या हातात जी पर्स होती, ती जुडिथबाईंनी फॅशन डिझायनर नेटी रोझेन्स्टाइन यांच्याकडे नोकरीत असताना केलेली.

१९६३ मध्ये, चित्रकार झालेल्या पतीच्या आग्रहावरून, त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. खड्यांची कल्पना सुचली ती १९६७ मध्ये, एका अडचणीतून. मागवलेल्या धातूच्या पर्सवरचा मुलामा खराब निघाला. माल फेकून देण्याऐवजी त्यांनी डागाळलेला भाग चकचकीत खड्यांनी झाकला, आणि त्यातूनच त्यांची ओळख ठरणारी पर्स जन्माला आली.

या पर्सचा आकार आधी मेणात घडवतात. त्यावरून धातूचं कवच तयार होतं, त्याला सोन्याचा मुलामा चढतो. मग नक्षी रंगवून तिच्या रेषांबरहुकूम एकेक खडा हातानं चिकटवतात. एका पर्सवर हजारो खडे, आणि त्यासाठी कित्येक दिवसांचं काम. हिलरी क्लिंटन यांच्यासाठी त्यांनी व्हाइट हाउसमधल्या सॉक्स या मांजराच्या रूपाची पर्स केली होती. मांजराचं अंग गोल, मान वळलेली; अशा वळणांवर रांग न मोडता खडे बसवण्यातच कारागिराचा कस लागतो.

न्यू यॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या संग्रहालयांत त्यांच्या पर्स आहेत. लाँग आयलंडवरच्या स्प्रिंग्ज गावी लायबर दांपत्यानं २००५ मध्ये स्वतःचं संग्रहालय उघडलं आणि त्यासाठी आपल्याच जुन्या पर्स लिलावांतून परत विकत घेतल्या. २८ एप्रिल २०१८ रोजी, काही तासांच्या अंतरानं, दोघांचं त्याच गावी निधन झालं.

अशी एखादी पर्स पाहायला मिळाली, तर ती उघडूनही जरूर पाहावी. आतलं अस्तर बाहेरच्या नक्षीइतक्याच निगुतीनं लावलेलं असतं, आणि सोबत असतात छोटा आरसा, गोंडा लावलेला कंगवा आणि नाण्यांची इवलीशी पिशवी.