रात्रीचा मास्तर

(राळेगणसिद्धी येथे विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



या गावाचं नाव पाण्यामुळं झालं. मला इथलं दुसरं काम मोठं वाटतं. नापास झालेल्या, कुणी दारात उभं न केलेल्या पोरांना इथल्या शाळेनं घेतलं. नापासाचा शिक्का कसा पडतो ते तुम्हाला सांगायला नको. पोरगं ढ नसतं. त्याला अडलेलं विचारता येत नाही.

मी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. मागच्या बाकावरची आपली पोरं वर्गात तोंड उघडत नाहीत. 'पाणी'चं 'पानी' झालं की पुढचे फिदीफिदी हसतात. हीच पोरं रात्री मोबाईलवर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या त्या यंत्राला दहादा विचारतात. एकजण म्हणाला, "सर, ते आडनाव विचारत नाही. वैतागत पण नाही."

खरंय त्याचं. मी त्याला नावं ठेवणार नाही. ज्याच्या घरात पहिलं पुस्तक त्यानंच आणलं, त्यानं विचारायचं कुणाला? ज्यांच्या घरी बाप मास्तर, काका वकील, त्यांनी आम्हाला 'स्वतःच्या डोक्यानं करा' हा उपदेश करू नये. त्यांचे फुकटचे मदतनीस पिढ्यानपिढ्या घरातच बसलेत!

पण हा रात्रीचा मास्तर पारखून घ्या. अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये २०१६ साली अशोक गोयल या प्राध्यापकांनी ऑनलाइन वर्गाला 'जिल वॉटसन' नावाची मदतनीस दिली. ती बाई नव्हती, यंत्र होतं. पोरांना ते सत्राच्या शेवटी सांगितलं. तिचा एक गुण मात्र घेण्यासारखा होता. ९७ टक्के खात्री असल्याशिवाय ती उत्तर द्यायची नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं, त्यानंतरची यंत्रं दरवेळी अशी गप्प बसत नाहीत. माहीत नसलं तरी कधीकधी ठोकून देतात, आणि तेही सदाशिव पेठी मराठीत, म्हणजे आपला माणूस लगेच दबतो. बाबासाहेबांनी कधी न लिहिलेली वाक्यं त्यांच्या नावावर घेऊन पोरं माझ्याकडं आलीत. अरे, सरकारनं १९७९ पासून त्यांचे खंड छापलेत, ते उघडा ना!

हे निस्तरता येईल. माझं दुखणं वेगळंय. १९२७ साली आपली माणसं महाडच्या तळ्यावर गेली, ती काय घरात घोटभर पाणी नव्हतं म्हणून? सगळ्यांच्या तळ्यावर, सगळ्यांच्या देखत ओंजळ भरायची होती. हे यंत्र घरातला रांजण आहे. तहान भागते, तळं त्यांचंच राहतं. रात्री विचारलेला प्रश्न वर्गात कुणाला ऐकू जात नाही. हसणारा हसतच राहतो. आपलं शिकवणं अर्ध्या वर्गापर्यंत पोचलंच नाही, हे मास्तरलाही कळत नाही. उद्या संस्थाचालक म्हणतील, पोरं यंत्राकडं शिकतात, मग मास्तर भरायचे कशाला? राखीव जागा आधीच रिकाम्या. यंत्राला कसलं आलंय आरक्षण!

तेव्हा रात्री खुशाल विचारा. उत्तर पुस्तकाशी ताडून बघा. सकाळी तोच प्रश्न वर्गात उभं राहून विचारा, आपल्या 'पानी'सकट. कुणी हसलं तर बाकीच्यांनी त्याच्याजवळ उभं राहायचं. आणि रिकाम्या जागा भरा म्हणून कुलगुरूंना द्यायचं निवेदन त्या टेबलावर ठेवलंय. सह्या करूनच चहाला या.