'रोलओव्हर' आणि खरे गुपित



हेरकथेत प्रेम असते, खून असतो आणि एखादा गुप्त कागद असतो. अ‍ॅलन पाकुला यांच्या 'रोलओव्हर' या १९८१ सालच्या अमेरिकन चित्रपटात हे सारे आहे. फक्त तो कागद बँकेतील एका खात्याचा आहे. जेन फोंडा यांनी रंगविलेली नायिका ही पूर्वाश्रमीची नटी. पतीचा खून होतो आणि त्याच्या रसायन-उद्योगाची सूत्रे तिच्या हाती येतात. नायक हा न्यूयॉर्कची एक डबघाईला आलेली बँक सावरण्यासाठी आणलेला बँकर. तिला कर्ज हवे, त्याला मोठा व्यवहार हवा. दोघे अरबांकडे पैसा मागतात, प्रेमात पडतात आणि पुढे एकमेकांचाच संशय घेऊ लागतात. अरब धनको आपले डॉलर हळूहळू सोन्यात बदलून गुप्तपणे दडवीत आहेत, हे ते रहस्य. ते फुटते, ठेवी काढल्या जातात आणि जगभर बँका कोसळतात.

चित्रपटाच्या नावातच त्याचे अर्थशास्त्र आहे. मुदत भरलेली ठेव काढून न घेता पुढील मुदतीसाठी पुन्हा ठेवणे, याला रोलओव्हर म्हणतात. १९७३-७४ मध्ये तेलाचा दर पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. तेलधनी देशांनी हा पैसा मोठ्या प्रमाणावर अल्प मुदतीने पाश्चात्त्य बँकांत ठेवला आणि बँकांनी तो लॅटिन अमेरिकेतील व अन्य गरजू देशांना अनेक वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ दिला. ठेव काही महिन्यांची, कर्ज कित्येक वर्षांचे! खेड्यातील पतपेढीचा चिटणीसही असा व्यवहार करताना दहादा विचार करील. न्यूयॉर्क-लंडनच्या धुरीणांनी त्याला 'पुनर्चक्रण' असे भारदस्त नाव दिले.

ही विसंगती बँकांनी स्वतः निर्माण केली होती. चित्रपट तिचा खलनायक अरबस्तानात शोधतो. न्यूयॉर्कचा एक बडा बँकरही त्यात सामील दाखविला आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण अखेरचा घाव घालतात ते अरबच. शेख पडद्यावर दाखविता येतो. व्याजाचा दर कोणत्या नटाने वठवावा?

प्रत्यक्षात संकट आले ते दुसऱ्याच दाराने. महागाई आवरण्यासाठी अमेरिकेने पैसा आवळला आणि डिसेंबर १९८० मध्ये तेथील बँकांचा 'प्राइम' दर २१.५ टक्क्यांवर गेला. बदलत्या व्याजदराने घेतलेली कर्जे फुगत गेली. चित्रपट येऊन वर्षही झाले नव्हते, तोच ऑगस्ट १९८२ मध्ये सुमारे ८० अब्ज डॉलरच्या कर्जाखाली दबलेल्या मेक्सिकोने हप्ते देणे अशक्य असल्याचे कळविले. ठेवीदार जागेवरच होता. थकला तो ऋणको. मग बँकांनी मुदती वाढवून दिल्या, नाणेनिधीने अटी घातल्या आणि मेक्सिकन कामगाराचे वास्तव वेतन वर्षानुवर्षे घसरत राहिले. या रोलओव्हरवर कोणी प्रेमकथा रचली नाही.

राहता राहिले गुप्त खाते. १९७४ मध्ये सौदी अरेबियाने तेलाचा पैसा अमेरिकन सरकारच्या रोख्यांत गुंतवावा असे ठरले. आणि ही गुंतवणूक किती, हे अमेरिकेचे अर्थखाते स्वतःच दडवीत होते. अन्य तेल निर्यातदार देशांच्या आकड्यांत हा आकडा मिसळून छापला जाई. असे चाळीस वर्षांहून अधिक काळ चालले. मे २०१६ मध्ये, एका वृत्तसंस्थेने माहितीच्या कायद्याखाली मागणी केल्यावर, तो आकडा जाहीर झाला : ११६.८ अब्ज डॉलर. त्यासाठी खून पडला नाही. एक अर्ज पुरला.