कार्यानुभवाची वही

(दहावी १९९६ तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला फोनवर विषय दिला होता, 'सॉफ्टवेअर क्षेत्रातील माझी वाटचाल'. मी लगेच हो म्हटलं. रात्री कागद घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं, की या वीस-बावीस वर्षांत मी जे जे लिहिलं त्यातलं बहुतेक आता कुठल्याच संगणकावर चालत नाही. दहा मिनिटं त्यावर काय बोलणार? म्हणून विषय बदलून मागितला. मी बोलणार आहे आमच्या पुण्यातल्या एका बागेबद्दल, आणि थोडं कार्यानुभवाबद्दल. कार्यानुभवाचे सर समोर पहिल्याच रांगेत बसलेत, त्यामुळे जरा भीतभीतच.

आठवतंय ना, शनिवारचे शेवटचे दोन तास? मैदानाच्या कडेची ती बाग, हौदातून डबे भरून घातलेलं पाणी, आणि मग वहीतले तीन रकाने: दिनांक, केलेले काम, निरीक्षण. माझ्या वहीला दहापैकी नऊ गुण होते. सर, त्यातल्या निम्म्या नोंदी मी तपासणीच्या आदल्या रात्री एका बैठकीत लिहिल्या होत्या. संशय येऊ नये म्हणून निळं आणि काळं पेन आलटून पालटून वापरलं होतं. हे आज का सांगते आहे ते पुढे कळेल.

आमची बाग म्हणजे टेकडीच्या पायथ्याची पाऊण एकर जागा. आधी तिथे राडारोडा आणि गाजरगवत होतं. आसपासच्या सोसायट्यांतल्या आठ-दहा जणांनी काम सुरू केलं, मी २०१९ मध्ये गेले. निसर्गप्रेम वगैरे काही नाही, डॉक्टरांनी 'ऊन खा' म्हणून सांगितलं होतं. तिथे कुणाला पगार नाही, माळी नाही. रविवारी सकाळी सात ते नऊ जो येईल तो काम करतो. हिरवळ नाही, कारंजं नाही. लावायची ती इथल्या कोरड्या डोंगरांवरची झाडं: वारस, मेढशिंगी, पळस, पांगारा, बहावा, वावळ. पुण्याच्या टेकड्या लांबून हिरव्या दिसतात, पण त्यातला पुष्कळसा हिरवा रंग गिरिपुष्पाचा आहे. ते झाड मूळचं मध्य अमेरिकेकडचं. भराभर वाढतं म्हणून लावलं गेलं. त्याच्याशी भांडण नाही, पण त्याच्याखाली इथलं फारसं काही उगवत नाही, हे आम्ही रोज बघतो.

बागेचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, जूनमध्ये होतं. आणि तेही ५ तारखेला नाही. ५ जूनला पर्यावरण दिन असतो, त्यामुळे दरवर्षी कुणाची तरी कंपनी टी-शर्ट आणि फलक घेऊन रोपं लावायला येऊ इच्छिते. पुण्यात पाऊस स्थिरावतो तो जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, कधी त्याच्याही नंतर. वळवाच्या एका सरीवर भुलून रोप लावलं आणि मग दहा दिवस उघडीप पडली की ते गेलंच. त्या मंडळींना आम्ही आता गाजरगवत उपटायला बोलावतो. फोटो तितके छान येत नाहीत, म्हणून पुढच्या वर्षी बहुधा कुणी येत नाही. माझीच कंपनी एकदा आली होती, तेव्हा हे मी अधिकारवाणीने सांगते आहे.

गाजरगवत १९५०च्या दशकात आपल्याकडे दिसलं ते पुण्यातच. ते फुलायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट काढावं लागतं. नाहीतर अंगावर खाज आणि पुढच्या वर्षी दुप्पट काम. या कामात आम्हाला दोन मदतनीस आहेत. एक मेक्सिकोतून मुद्दाम आणलेला भुंगेरा. पिवळट पाठीवर तपकिरी रेघोट्या असतात. हा १९८४ पासून भारतात सोडला गेला, आणि पावसाळ्यात गाजरगवताची पानं खाऊन चाळण करतो. दुसरा आपला टाकळा. टाकळा दाट उगवला की गाजरगवताला जागा मिळत नाही. शिवाय जूनमध्ये त्याची कोवळी भाजी होते. (आईच्या हातची लसूण-मिरचीची टाकळ्याची भाजी मी पुण्यात सतरा वर्षं विसरून गेले होते.) शिवाय काही पिवळी-पांढरी फुलपाखरं त्याच्यावर अंडी घालतात. नव्याने येणारा प्रत्येक जण पहिल्या रविवारी टाकळाच उपटून टाकतो. मीही टाकला होता.

श्रावण-भाद्रपदात बाग आमच्या ताब्यात नसते. गवत कमरेएवढं, पायवाटा गायब. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे ठिपके असतात. त्या अळ्या. मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात आणि झाड ओरबाडून खातात. यावरून आमच्याकडे खरंखुरं भांडण झालं. एका काकूंनी लावलेला कढीपत्ता महिन्याभरात नुसत्या काड्यांवर आला. त्यांनी घरून फवारा आणून औषध मारलं. कुणीतरी म्हणालं, 'काकू, बाग फुलपाखरांसाठीच आहे.' काकू म्हणाल्या, 'मग फुलपाखरांना सांगा पाणी घालायला.' त्या सहा महिने आल्या नाहीत. मला विचाराल तर त्यांचं सगळंच चुकलं होतं असं नाही. दोन वर्षं पाणी घातलेलं झाड कुणी डोळ्यांदेखत खाल्लं तर राग येणारच. पुढे लिंबावर ब्ल्यू मॉर्मनचा कोष सापडला, २०१५ पासून आपल्या राज्याचं फुलपाखरू म्हणून मान मिळालेलं तेच. तो बघायला मात्र त्या आल्या, आणि मग येत राहिल्या. औषधाचा विषय दोन्हीकडून निघाला नाही.

ऑक्टोबरात थिरथिरा येतो. चिमणीएवढा पक्षी, शेपूट सतत थरथरवणारा. तो आला की गवत कापायला घ्यायचं हे आमचं कॅलेंडर. बी पडून गेलेलं असतं, आणि वाळलेलं गवत तसंच ठेवलं तर एका काडीने सगळं पेटेल. पौष-माघात पानगळ. पाचोळा जाळायचा नाही, झाडांच्या आळ्यात पसरायचा. हे सोपं वाटतं, पण सकाळी फिरायला येणाऱ्या निम्म्या लोकांना पाचोळा म्हणजे कचरा वाटतो, आणि कुणीतरी चांगल्या भावनेने ढीग करून काडी लावतोच.

आता मुख्य गोष्ट.

आमच्या बागेत नाना आहेत. पोस्टातून निवृत्त झालेले, मूळचे भोर तालुक्यातले, आज वय ऐंशीच्या पुढे. त्यांना एक ध्यास, बागेत धावडा लावायचा. धावडा तुम्ही पाहिला नसेल, पण खाल्लाय नक्की. बाळंतिणीच्या लाडवांत जो चांगला डिंक घालतात तो धावड्याचा. लाकूड असं चिवट की कुऱ्हाडीचा दांडा, गाडीचा आस त्याचाच करायचे. हिवाळ्यात पानं तांबूस होतात. पण हे झाड बियांपासून करणं महाकठीण, कारण बहुतेक बिया आतून पोकळ निघतात. नाना दरवर्षी फेब्रुवारीत गावाकडे जाऊन पिशवीभर बी आणायचे, जूनमध्ये वाफ्यात टाकायचे. दोन वर्षं काहीच उगवलं नाही. तिसऱ्या वर्षी, म्हणजे २०२१च्या पावसाळ्यात, नऊ रोपं आली. काळ्या पिशव्यांत, वीतभर. नाना ती दिवसातून दोनदा मोजायचे.

मी तोवर बागेत स्थिरावले होते, आणि मला आमच्या पद्धती बघवत नव्हत्या. पाणी घालायच्या पाळ्या वहीत लिहायच्या, मग ज्याची पाळी तो लग्नाला गेलेला. मी दोन शनिवार खपून रोपवाटिकेला ठिबक बसवलं, टायमर लावला, तो फोनवरून चालेल असं केलं. सगळ्यांनी कौतुक केलं. पाळ्या बंद करा असं मीच सुचवलं. नाना एवढंच म्हणाले, 'ताई, मडकी पुरूया का त्यापेक्षा?' मी हसले असेन. आठवत नाही, पण हसलेच असेन.

एप्रिल २०२२. एका गुरुवारी संध्याकाळी गाळणी साफ करायला मी टायमर हाती चालवायच्या खटक्यावर आणला. तेवढ्यात ऑफिसातून फोन आला, आमची नवी प्रणाली त्या आठवड्यात सुरू होणार होती. मी फोनवर बोलत बोलतच घरी गेले. खटका तसाच राहिला. पुढचे सहा दिवस मी ऑफिसातच होते, रविवारीही. नाना चैत्रातल्या जत्रेला गावी गेलेले. बाकीच्यांना वाटलं, आता आपोआप होतंय. एप्रिलच्या उन्हात पिशवीतलं रोप किती दिवस तगेल? बुधवारी मी गेले तेव्हा माती पिशवीच्या कडेपासून सुटली होती. पळस, बहावा तगले होते. नऊच्या नऊ धावडे गेले होते. पानं हातात घेतली तर चुरा झाला.

मी खटका परत स्वयंचलितवर आणला. मग पाइप एका ठिकाणी थोडा कुरतडलेला होता, तो खरंच जुना होता, त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला: 'उंदरांनी पाइप खाल्लेला दिसतो. धावडे गेले. फार वाईट वाटतंय.' खाली सतरा जणांनी हात जोडले.

सर, निळं पेन आणि काळं पेन.

नाना गावाहून आले, रिकाम्या पिशव्या पालथ्या करून माती परत ढिगावर टाकली, काही बोलले नाहीत. पुढच्या फेब्रुवारीत परत बी घेऊन आले. २०२३ च्या पावसाळ्यात एकही उगवलं नाही. त्यानंतर त्यांचे गुडघे गेले, डोंगरात जाणं संपलं. तेव्हा मला पहिल्यांदा हिशोब कळला. बाग दरवर्षी नव्याने सुरू होते असं आपण म्हणतो, पण माणसाच्या हातात असे फेब्रुवारी मोजकेच असतात, आणि त्यांतला एक मी घालवला होता.

नानांची एक नोंदवही बागेच्या पेटीत असते. पोस्टातलं जुनं रजिस्टर. एकदा पावसाची नोंद शोधताना मी एप्रिल २०२२ चं पान उघडलं. तिथे त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'धावडा ९. गेले. पाणी बंद ६ दिवस.' उंदराचा उल्लेख नाही.

मी वही तशीच हातात घेऊन त्यांच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. दीड वर्ष उशिरा. ते म्हणाले, 'जत्रेहून आलो त्याच दिवशी कळलं होतं मला. पाइप फुटला असता तर खाली चिखल व्हायला हवा होता. जमीन कोरडी ठणठणीत होती.' मग म्हणाले, 'चहा घेणार का?' मी विचारलं, तुम्ही ग्रुपवर का नाही बोललात? तर म्हणाले, 'तुम्ही येणं बंद केलं असतं. मग ती पेटी कोण उघडणार?'

२०२४च्या फेब्रुवारीत मी रजा काढून त्यांच्या गावी गेले. नाना फोनवरून सांगत होते: ओढ्याच्या पलीकडचं झाड, वरच्या फांद्यांचं बी घ्या, खालचं नको. पिशवीभर बी आणलं, हजारोंनी असेल. तीन उगवली. या वेळी रोपवाटिकेत ठिबक नव्हतं. नानांच्या सांगण्याप्रमाणे कुंभारवाड्यातून न भाजलेली नाही हं, साधी भाजलेली पण झिलई नसलेली मडकी आणली आणि वाफ्यात गळ्यापर्यंत पुरली. मडक्यात पाणी भरून झाकण ठेवायचं. माती कोरडी पडली की ती पाणी ओढून घेते, ओली असली की पाझर मंदावतो. ना खटका, ना फोन. मी इंजिनिअर आहे, मला हे आधी सुचायला हवं होतं. नुसतं मातीचं भांडं, आणि माझ्या टायमरला जे कळत नव्हतं ते त्याला कळतं: मातीला तहान लागली आहे की नाही. फक्त आठवड्यातून दोनदा ते भरायला माणूस जावा लागतो. पाळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत.

तीनपैकी एक रोप पहिल्याच उन्हाळ्यात गेलं. दोन गेल्या पावसाळ्यात जमिनीत लावली, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना मडकं. एक माझ्या गुडघ्याएवढं आहे, दुसऱ्याचा शेंडा मेला होता, तिथून खाली नवा कोंब आला आहे. नाना रविवारी रिक्षाने येतात, फाटकाजवळ खुर्चीत बसतात आणि विचारतात, 'किती?' मी म्हणते, 'दोन.' मग ते वहीत लिहितात.

सर, माझी ती आठवीची वही अजून आईकडे आहे. गुण कमी करायचे असतील तर आणून देते.

जाता जाता एक. मागच्या टेबलावर कागदी पुड्यांत बहाव्याच्या बिया ठेवल्या आहेत, हव्या त्यांनी घ्या. धावड्यासारख्या छळत नाहीत, पण कवच कठीण असतं, तेव्हा एका कडेला काचकागदाने जरा घासून रात्रभर पाण्यात भिजत घाला. फुगतील त्या लावा. आणि पाऊस नीट सुरू झाल्याशिवाय रोप जमिनीत घालू नका, ५ जून असला तरी.